गाळलेल्या आठ ओळी

राखेच्या बुधवारी सकाळी सहाच्या मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, फादरांनी विचारलं, "बंधुभगिनींनो, या चाळीस दिवसांत तुम्ही काय सोडणार आहात?" फादर नवे आहेत, तिशीच्या आतबाहेरचे, उत्साह भरपूर. माझ्या पुढच्या बाकावर लगेच कुजबुज सुरू झाली. एकीनं टीव्हीवरची मालिका सोडली, एकीनं चहातली साखर, एका कॉलेजच्या मुलीनं मोबाइलवर रील बघणं. माझी मात्र कानशिलं तापली. दर वर्षी या प्रश्नाला ती तापतात. चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीनं याच चर्चमध्ये ऐकला होता आणि मनातल्या मनात उत्तर दिलं होतं की, मी डॉक्टर सोडते. अशा शब्दांत तिनं म्हटलं नसेल. पण केलं तेच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस हा आम्हा कॅथलिकांचा उपवासकाळ. कपाळाला राख लावून तो सुरू होतो. मटण-मासे सोडायचे, शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या चौदा चित्रांपुढची प्रार्थना, करायची आणि प्रत्येकानं आपल्याला जड जाईल असं काहीतरी देवाला अर्पण करायचं. नाशकात हे दिवस नेमके द्राक्षांच्या हंगामात येतात. मी पिंपळगावच्या रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसमध्ये माल तपासायचं काम करते. परदेशी जाणारे घड टेबलावर येतात, बायका छोट्या कात्रीनं त्यातले तडकलेले, सडके, बारीक मणी कापून काढतात, आणि घड इतका देखणा होतो की त्यात कधी काही वाईट होतं हे सांगूनही पटू नये. हंगामात आम्हाला रविवारचीसुद्धा सुट्टी नसते. त्यामुळे बुधवारची राख कपाळावर घेऊनच मी कंपनीच्या बसमध्ये चढते.

यंदा सुनंदानं मला गेटपाशीच धरलं. सुनंदा मणी कापायच्या टेबलावर असते. दिंडोरीकडची, हातानं चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ. "मॅडम, कपाळाला काय काजळी लागली वो?" असं म्हणत, मी काही बोलायच्या आत, तिनं पदरानं माझं कपाळ पुसूनही टाकलं. मग मी सांगितलं की ती चर्चमधली राख होती, माणूस मातीचा आहे हे विसरू नये म्हणून लावतात. ती बिचारी गोरीमोरी झाली. "आता मला काय ठावं! पाप लागंल का वो मला?"

"नाही गं," मी म्हटलं, "पुसलंस ते बरं केलंस." आणि मला खरंच बरं वाटलं होतं. मी मातीची आहे याची आठवण मला कुणी करून द्यायला नको. माझ्या बहिणीवर मूठभर माती मी माझ्या हातानं टाकली आहे.

लुसी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. जेल रोडच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहायचो. मी लग्न केलं नाही, कारण मला कुणी पटलं नाही. तिनं केलं नाही, कारण तिला सगळेच पटायचे, आणि एकाला हो म्हटलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल असं ती म्हणायची. ती बालवाडीत शिकवायची. पहाटे पाचला उठून, केस विंचरून, आईच्या वेळच्या लाकडी खुर्चीवर बसून प्रार्थना करायची. चर्चच्या दारात दर महिन्याला एक पातळ पुस्तिका मिळते. तिच्यात रोजच्या मिस्सेची वाचनं असतात. जुन्या करारातला एक उतारा, एक स्तोत्र, आणि शुभवर्तमानातला एक भाग. लुसी ते मोठ्यानं वाचायची आणि मी स्वयंपाकघरात डब्याच्या पोळ्या लाटत ऐकायचे. ऐकायचे म्हणजे कानावर पडायचं. माझं मन प्रार्थनेत कधी फारसं लागलं नाही. रविवारी चर्चला जायचे, वाचनाची पाळी आली की व्यासपीठावर जाऊन खणखणीत वाचायचे, पण ते आवाज चांगला म्हणून. लुसी मात्र त्या खुर्चीवरून उठायची तेव्हा रात्रभर शांत झोपून उठल्यासारखी दिसायची. मला तिचा हेवा वाटायचा.

अर्पण करण्यात तर ती लहानपणापासून पटाईत. आम्ही शाळेत असताना उपवासकाळात साखर सोडायचो, गोळ्या-बिस्किटं सोडायचो. मी चौथ्या-पाचव्या दिवशी हळूच फडताळ उघडायचे. लुसी नाही. एका वर्षी शुक्रवारी ती लंगडत घरी आली. आईनं बूट काढून बघितला तर आत एक खडा. येशूनं क्रूस वाहिला, मग मी एवढं तरी करते, असं म्हणाली. वय वर्षं आठ. टाचेला फोड आला होता. आईनं आधी एक धपाटा घातला आणि मग रविवारी चर्चच्या आवारात तीच गोष्ट सिस्टरांना कौतुकानं सांगितली. सिस्टरांनी लुसीच्या गालावरून हात फिरवला, एक पवित्र चित्र दिलं. लुसीचा चेहरा असा काही फुलला! मला आज राग येतो तो त्या खड्याचा नाही. त्या कौतुकाचा येतो. धपाट्यावरच थांबायला हवं होतं आईनं.

"गाठ केव्हापासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मे महिना होता. लुसी माझ्याकडे न बघता म्हणाली, "फेब्रुवारीपासून." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. दुखत होतं का, विचारलं. हो म्हणाली. त्यांनी एक श्वास सोडला तो मी ऐकला. तपासण्या लिहून दिल्या. बाहेर पडून रिक्षात बसेपर्यंत मी दम धरला.

"मला का नाही सांगितलंस?"

"उपवासकाळ होता, ताई."

"मग? उपवासकाळात दवाखाने बंद असतात?"

"मी ते अर्पण केलं होतं. दुखणं. चाळीस दिवस कुणाला सांगायचं नाही, असं ठरवलं होतं."

"आणि ईस्टरनंतर?"

"तेव्हा तुझा हंगाम होता. तू जेवता जेवता झोपायचीस. म्हटलं, उरकू दे."

नाशकात सगळं हंगामानंतर असतं. लग्नं, भांडणं, दाताचे दवाखाने, सगळं. त्याबद्दल मी तिला काय बोलणार? मी स्वतः तिला शंभर वेळा म्हटलं असेल, आता नको लुसी, हंगाम उरकू दे. पण मी विचारलंच, "अर्पण कशासाठी केलं होतंस? कुणासाठी?" ती रिक्षाच्या बाहेर बघत राहिली. बिटकोचा सिग्नल लागला होता. मग म्हणाली, "तुझ्यासाठी. तुझं मन प्रार्थनेत लागावं म्हणून."

मी रिक्षात ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि गाणं बंद केलं एवढं आठवतं.

त्या दिवसापासून पुढे वर्षभर मी जळत होते. तिच्यावर, आईवर, सिस्टरांवर, स्वतःवर आणि त्या सगळ्यांच्या वर जो कोणी बसला आहे त्याच्यावर. ऑपरेशन झालं, केमो झाली, तिचे लांबसडक केस गेले. समाचाराला माणसं येत होती आणि प्रत्येकाच्या पिशवीत मोसंबी आणि तोंडात एकच वाक्य. आमच्या विभागाच्या प्रार्थना मंडळाच्या मोनिका आंटी तर आठवड्यातून दोनदा यायच्या. बाई मायाळू. सूप करून आणायच्या, लुसीचे पाय चेपायच्या. पण जाताना दारात माझा हात धरून म्हणायच्या, "देव ज्याच्यावर फार प्रेम करतो ना, त्याचीच परीक्षा घेतो." एकदा मी म्हटलं, "मग आंटी, तुमच्यावर त्याचं फारसं प्रेम दिसत नाही." त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत केली. मी गंमत केली नव्हती.

पुढच्या उपवासकाळापर्यंत ते दुखणं लुसीच्या पाठीच्या हाडांत उतरलं होतं. आता बरं करायचे उपाय संपले, त्रास कमी करायचे उरले, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. सरळ सांगितलं म्हणून मला त्या आवडतात. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, चार-चार तासांनी द्या म्हणाल्या, दुखायची वाट बघू नका म्हणाल्या. मी एका स्टीलच्या डबीत त्या घालून ठेवल्या. राखेच्या बुधवारी फादरांनी घरी येऊन लुसीच्या कपाळाला राख लावली. आणि गुरुवारी सकाळी लुसीनं गोळी घ्यायला नकार दिला.

"ईस्टरनंतर घेईन."

"लुसी, वेड लागलंय का तुला?"

"कमी दुखतंय गं. खरंच."

कमी कुठलं दुखतंय! तिच्या वरच्या ओठावर घाम असायचा. कूस बदलताना ती श्वास धरून ठेवायची आणि मग हसायची. ते हसणं बघून माझ्या हातापायाची आग व्हायची. डॉक्टरीणबाईंनी फोनवर समजावलं, मी हात जोडले, एकदा वरणात गोळी कुस्करून घातली तर तिनं पहिल्याच घासाला ओळखलं आणि ताट बाजूला सारलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला तिला वाचवायचं नव्हतं, ते आता होणार नव्हतं हे मला कळत होतं. मला फक्त तिला दुखायला नको होतं. एवढीशी गोष्ट. आणि तिच्या-माझ्यामध्ये आडवा आला होता देव.

आणि त्या देवाचं पुस्तक तिला रोज पहाटे मीच वाचून दाखवत होते. तिला पुस्तिका धरवत नव्हती, उशीवरून मान वर होत नव्हती. "ताई, तू वाच," म्हणाली. मी कशी वाचायचे विचारू नका. बसचं वेळापत्रक वाचावं तशी वाचायचे. आनंदाचे, स्तुतीचे शब्द आले की माझा आवाज वाकडा व्हायचा. ती डोळे मिटून ऐकायची. बाहेर दूधवाल्याच्या मोटारसायकली, खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आणि आमच्या खोलीत मी, देवाची स्तुती करणारी, दात-ओठ खात.

असे जवळजवळ सहा आठवडे गेले. दिवसा पॅकहाऊस, पहाटे आणि संध्याकाळी लुसी. दिवसा एक शेजारीण बसायची तिच्याजवळ. हंगाम भर रंगात होता. अंगाला, केसांना द्राक्षांचा आंबूसगोड वास चिकटून राहायचा आणि लुसीला तो वास आवडायचा. मी आले की म्हणायची, "ये, बस जवळ, आज कुठला माल होता?" मी म्हणायचे, हिरवा थॉमसन होता, काळा होता, इतके मणी तडकलेले निघाले. तिला त्या बायकांच्या गप्पा ऐकायच्या असायच्या. सुनंदा काय म्हणाली आज? मी सुनंदाची नक्कल करायचे आणि ती हसायची, आणि हसताना पाठीत कळ आली की अर्ध्यात थांबायची.

पवित्र आठवड्यातला बुधवार उजाडला, गुड फ्रायडेला दोन दिवस उरले होते. मी पुस्तिका उघडली. त्या दिवसाचं स्तोत्र एका छळलेल्या माणसाचं होतं. लोक त्याला हसतात, भुकेल्याला विष आणि तहानलेल्याला आंब, आंबलेला द्राक्षारस, देतात. आणि लगेच पुढच्या ओळीला तो देवाचं गाणं गाऊ लागतो, आभार मानू लागतो. मी थांबले. आंब प्यायल्या प्यायल्या कोण गातं? मग मला ओळींचे बारीक आकडे दिसले. त्यांच्यात उडी होती. मधले आठ आकडे नव्हतेच. इतकी वर्षं मी व्यासपीठावरून स्तोत्रं वाचली होती, पण आकड्यांकडे कधी बघितलं नव्हतं. घड तपासणारी बाई मी. मणी कुठून कापलाय ते लांबून ओळखते. इथं कुणीतरी कात्री चालवली होती आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी उठून कपाटातलं मोठं बायबल काढलं, बाबांचं. त्यात ते स्तोत्र शोधलं. आठही ओळी तिथं होत्या. आणि काय होत्या! तो माणूस छळणाऱ्यांना शिव्याशाप देत होता. त्यांची भरलेली ताटं त्यांनाच फास होवोत म्हणत होता, त्यांचे डोळे जावोत, कंबरडी मोडोत, त्यांच्या घरात कुणी राहायला उरू नये, त्यांची नावं जिवंत माणसांच्या यादीतून खोडून टाक, असं देवाच्या तोंडावर ओरडत होता. मी बायबल हातात धरून उभी होते आणि मला हसू येत होतं, खरंच. वर्षभरात मी मनातल्या मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं तिथं छापलेलं होतं, आधीपासून. माझ्याहून जोरात ओरडणारं कुणीतरी त्या पुस्तकात होतं, आणि त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. फक्त चर्चमध्ये वाचायच्या वेळी त्याचं तोंड बंद केलं जात होतं, आम्हाला झेपणार नाही म्हणून.

"काय झालं? थांबलीस का?" लुसीनं विचारलं.

"यातल्या आठ ओळी गाळल्यात. पुस्तिकेत नाहीत."

"वाच ना मग."

मी वाचल्या. या वेळी बसचं वेळापत्रक वाचलं नाही. व्यासपीठावरून वाचते तशा वाचल्या, खणखणीत, एकेक शाप सुटा करून. माझ्या वर्षभराच्या रागाला पहिल्यांदा वाट मिळाली होती आणि मी थांबत नव्हते. सगळे शाप संपले. आठवी ओळ राहिली होती. ती शाप नव्हती. इतका वेळ ओरडल्यावर त्या माणसाचा आवाज खाली येतो आणि तो साधंच काहीतरी म्हणतो. मी पिचलोय, मला दुखतंय, मला हात दे. एवढंच. हीसुद्धा गाळली होती त्यांनी.

मी ती वाचली आणि मान वर केली. लुसीचे डोळे उघडे होते. कडांनी पाणी कानांत उतरत होतं.

"हे आहे त्यात?" ती म्हणाली.

"आहे. बघ." मी बायबल तिच्यासमोर धरलं. तिला एवढं बारीक दिसत नव्हतं, मी ओळीवर बोट ठेवलं.

"परत वाच. फक्त शेवटची."

मी परत वाचली. ती ओठ हलवत होती. मग तिनं तोंड उघडलं आणि तिच्यातून जो आवाज आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. आई गेली तेव्हाही ती असं रडली नव्हती. "दुखतंय गं ताई," ती म्हणाली. "लय दुखतंय." आमच्या घरात कुणी 'लय' म्हणत नाही, ते बाबांच्या गावचं बोलणं. तिला ते कुठून आठवलं कोण जाणे. वर्षभरात, नव्हे दोन उपवासकाळांत, तिनं ते आपणहून पहिल्यांदा म्हटलं होतं. मी डबी उघडली. घाईत एक गोळी पलंगाखाली गेली. दुसरी तिनं घेतली. पाणी प्यायली. अर्ध्या तासानं तिची मूठ सैल झाली आणि तासाभरानं ती तोंड उघडं टाकून घोरायला लागली. मी त्या दिवशी कामावर गेले नाही. भर हंगामात. फोन वाजत होता, वाजू दिला.

गुड फ्रायडेला संध्याकाळी फादर तिला कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, द्यायला आले. आताचे नव्हेत, आधीचे म्हातारे फादर. कम्युनियन झाल्यावर लुसीनं कबुलीजबाब दिल्यासारखा विषय काढला. "फादर, मी गोळी घेतली. ईस्टरपर्यंत थांबायला हवं होतं."

"का?"

"येशूनं नाही घेतलं. त्याला वेदना कमी व्हायचा द्राक्षारस देत होते, त्यानं नाकारला."

फादर म्हणाले, "हो. पण त्यानं सोसलं ते सगळ्यांसाठी एकदाच पुरलं, असंच आपण शिकवतो ना? मग त्यात तुझ्या पाठीची भर कशाला?"

मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. माझा पारा चढला. "फादर, हे तुम्ही मिस्सेत का सांगत नाही? काय सोडणार ते विचारता. काय सोडू नका ते का सांगत नाही? आणि त्या आठ ओळी का गाळता?" ते "लोकांना जड जातं," असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, "लोकांना काय काय जड जातं ते आमच्या घरी येऊन बघा." त्यांनी चहा घेतला, कप स्वतः आत नेऊन मोरीत ठेवला आणि जाताना मला म्हणाले, "तू रागावत जा. त्याच्याशी बोलणं मात्र बंद करू नकोस." मला तेही सहन झालं नाही त्या वेळी. मी दार आपटलं.

पण बोलणं बंद झालं नाही हे खरं. ईस्टरनंतर लुसी सात आठवडे होती आणि ते सात आठवडे, सांगितलं तर कुणाला पटणार नाही, पण आमच्या घरातले सगळ्यांत बरे होते. वेळेवर गोळ्या, पहाटे वाचन. मी आधी पुस्तिकेतले आकडे बघायचे आणि उडी दिसली की लुसी म्हणायची, "काढ, काढ, बघू काय दडवलंय." मग आम्ही त्या गाळलेल्या ओळी चवीनं वाचायचो. कधी नुसत्याच वंशावळी निघायच्या आणि आमचा विरस व्हायचा. कधी असा काही संताप निघायचा की लुसी म्हणायची, "हा माणूस तुझ्यासारखा आहे." प्रार्थनेच्या शेवटी ती देवाला चार शब्द सुनवायची. आज ओकारी झाली, हे बरोबर नाही. आज मोनिका आंटींनी दीड तास डोकं खाल्लं, त्यांना दुसरीकडे पाठव. आणि हे सांगून झालं की तिच्या चेहऱ्यावर तेच जुनं दिसायचं, ते मी पोळ्या लाटताना बघायचे ते. मला वाटायचं, ते फक्त गप्प बसून सोसणाऱ्यांनाच मिळतं. तसं नव्हतं. तक्रार करणाऱ्यांनाही मिळतं. आणि एके दिवशी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, की सकाळी काय वाचलं त्याचाच मी विचार करतेय. माझं मन लागलं होतं. मी नळ बंद करून तशीच उभी राहिले. मला आनंद झाला नाही, भयंकर राग आला. कारण ती जिंकली होती आणि त्याची किंमत मला माहीत होती. देवानं ती मान्य करायला नको होती. तो सौदा त्यानं लाथाडायला हवा होता, आणि मी हे त्याला अजून रोज सांगते.

त्या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. माझा राग ओसरलेला नाही, आणि ओसरावा अशी माझी इच्छाही नाही. परवाच्या शुक्रवारी क्रुसाची वाट संपल्यावर चर्चच्या आवारात आमच्या गायनवृंदातली स्टेला गाल सुजवून उभी होती. दाढ ठणकतेय म्हणाली, पण उपवासकाळ आहे ना, अर्पण केलंय. मी तिला हाताला धरून रिक्षात घातली आणि दाताच्या डॉक्टरकडे नेऊन बसवली. वाटेत तिला जे बोलले त्यातलं निम्मं इथं लिहिता येणार नाही. शेजारी मोनिका आंटी होत्या, त्याही रिक्षात चढल्या. मला वाटलं, आता या परीक्षेचं काढतील. पण दवाखान्यात स्टेला आत गेल्यावर त्या आपल्या पर्सचा बंद गुंडाळत हळूच म्हणाल्या, "माझे मिस्टर गेले तेव्हा मी पण लय शिव्या दिल्या होत्या गं देवाला. मग घाबरून तीन नोव्हेना केल्या, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना." इतकी वर्षं ही बाई माझ्या दारात उभी राहून परीक्षेचं बोलत होती आणि आत हे होतं.

"नोव्हेना नको होत्या करायला," मी म्हटलं.

"हो ना," त्या म्हणाल्या.

लुसी गेली त्याच्या आदल्या आठवड्यातली एक सकाळ सांगते. वाचन झालं, तिची तक्रार झाली आणि आम्ही प्रभूची प्रार्थना, येशूनं शिकवलेली, सुरू केली. तिच्यात देवाच्या इच्छेची एक ओळ आहे. जसं तुझ्या मनात असेल तसं होऊ दे, अशा अर्थाची. तिच्या आजारपणापासून मी ती ओळ म्हणत नव्हते. ओठ मिटून घ्यायचे, आणि पुढे देवाकडे रोजची भाकरी मागायची ओळ आली की परत सुरू करायचे. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत होतं. त्या सकाळी ती ओळ आली आणि खोलीत एकदम शांतता झाली. लुसीही थांबली होती. पंखा फिरत होता. मी तिच्याकडे बघितलं.

"तू ही म्हणत नाहीस," ती म्हणाली. "वर्षभर बघतेय मी."

"नाही म्हणत."

"मग आज मीही नाही म्हणत."

आम्ही दोघींनी ती ओळ तशीच सोडली आणि भाकरी मागितली. पुढचे दोन-तीन दिवस असंच झालं. मग एका पहाटे, तिचा आवाज तेव्हा अगदी खोल गेला होता, तिनं ती ओळ म्हटली. सावकाश, पूर्ण. मी रडायला लागले तर तिनं माझ्या मनगटावर बोटं ठेवली. "ही मी माझ्यापुरती म्हटली," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही म्हटली. तुझं तू बघ."

तिनं माझ्यासाठी काही अर्पण केलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

मी रोज पहाटे पाचला उठते. वाचते, गाळलेलं शोधते, भांडते. रविवारी चर्चमध्ये ती प्रार्थना सुरू होते तेव्हा सगळ्यांबरोबर मीही मोठ्यानं म्हणते. देवाच्या इच्छेची ओळ आली की मी थांबते. सगळं चर्च ती म्हणत पुढे जातं. म्हातारी माणसं, मुलं, स्टेला, मोनिका आंटी, सगळे. मी गप्प उभी राहते. आणि भाकरीपाशी त्यांना गाठते.